पावसाआधी करायचा हिशेब

१९ जुलै २०२३, बुधवारची रात्र. खालापूर तालुक्यात चौक गावाच्या वर, इर्शाळगडाच्या सुळक्याखाली डोंगराच्या खांद्यावर इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी होती. वस्ती सुमारे सव्वादोनशे माणसांची. तीन दिवसांत जवळजवळ ५०० मिलीमीटर पाऊस कोसळला होता. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास डोंगराचा भाग सुटला आणि झोपलेली घरे मातीखाली गेली. वाडीला मोटाररस्ता नव्हता. जेसीबी वर नेता येईना, खराब हवेमुळे हेलिकॉप्टरही उपयोगी पडेना. एनडीआरएफचे जवान, पोलीस, खोपोलीचे गिर्यारोहक आणि आसपासच्या गावांतले तरुण चिखलातून चढून वर गेले आणि टिकाव-फावड्यांनी माती उपसत राहिले. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते. ५७ माणसे सापडलीच नाहीत.

त्याच आठवड्यात विधिमंडळात सांगितले गेले की, दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

कर्जत आणि खालापूर हे शेजारचे तालुके. कळंब परिसरात राहणाऱ्या आम्हा लोकांना इर्शाळगड परका नाही. म्हणून त्या बातमीतल्या मृतांच्या आकड्याइतकेच हे 'यादीत नाव नव्हते' आमच्या मनात रुतून बसले आहे. यादी करणाऱ्यांनी हयगय केली असे आम्हाला म्हणायचे नाही. भूवैज्ञानिक एकदा येतात, पाहून जातात. याद्या बहुतेक वेळा गावाच्या नावाने होतात; त्या गावात मोडणाऱ्या एखाद्या वाडीमागची उतरंड त्यात दिसेलच असे नाही. पण जो माणूस रोज त्या उतारावर गुरे चारतो, ज्या बाईच्या चुलीमागच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल धरते, त्यांना काही तरी दिसत असतेच. ते कोणी विचारत नाही आणि कोणी लिहून ठेवत नाही. आपल्या गावाचा धोका मोजण्याचे काम आधी गावाने करावे आणि ते पावसाआधी करावे, एवढेच या लेखातून आम्हाला मांडायचे आहे.

धोका, कमजोरी आणि ताकद

आपत्ती व्यवस्थापनाची पुस्तके जाड असतात, पण त्यातला मुख्य हिशेब तीन रकान्यांचा आहे. पहिल्या रकान्यात धोका : पूर, दरड, वीज, वादळ, आग, साथीचा ताप. दुसऱ्यात कमजोरी : त्या धोक्यापुढे कोण उघडे पडते. तिसऱ्यात ताकद : त्याला तोंड द्यायला आपल्या हातात काय आहे.

एक उदाहरण घेऊ. एकाच रात्री एकाच गावावर सारखाच पाऊस पडतो. एक घर उंच जोत्याचे, सिमेंटच्या भिंतींचे आणि रस्त्याला लागून आहे. घरात दोन तरुण मुले आणि दारात मोटारसायकल. दुसरे घर ओढ्याच्या काठावर, कुडाचे. घरात म्हातारी आई, नववा महिना लागलेली सून आणि दोन लहान मुले, मुलगा कामाला मुंबईत. ढग दोघांना सारखाच, आपत्ती मात्र दुसऱ्याच घरावर येते. पाऊस थांबवणे आपल्या हाती नाही. दुसऱ्या घराची कमजोरी कमी करणे आणि त्याची ताकद वाढवणे मात्र शेजाऱ्यांच्याही हाती आहे.

म्हणून 'आमच्या गावाला पुराचा धोका आहे' हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या घरांना, कोणत्या महिन्यात, दिवसा की रात्री, आणि त्या वेळी घरात कोण असेल, हे कळले की मगच त्या वाक्याचा उपयोग होतो.

आपल्या भागाचे बारमाही कॅलेंडर

कळंबचा परिसर दोन डोंगरांच्या मध्ये आहे. पश्चिमेला माथेरान, पूर्वेला भीमाशंकरकडे चढत जाणारी सह्याद्रीची भिंत. घाटावरून उतरणारे पाणी पोश्री, चिल्लार, पेज या नद्यांतून उल्हासला मिळते आणि पुढे बदलापूर-कल्याणकडे जाते. नद्यांची लांबी कमी आणि उतार मोठा, त्यामुळे पाणी झपाट्याने चढते आणि झपाट्याने उतरते. याच नद्या उन्हाळ्यात आटतात आणि डोंगराकडच्या वाड्यांना डोक्यावर हंडे घेऊन पायपीट करावी लागते. पेज तेवढी वेगळी, कारण भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी तिला वर्षभर मिळते.

आता महिन्यांप्रमाणे पाहू. एप्रिल-मे पाण्याच्या टंचाईचे आणि आगीचे महिने. पेंढ्याला आणि गवताला एक ठिणगी पुरते. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला वळवाचा पाऊस, सोसाट्याचा वारा आणि विजा. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा समुद्रापासून इतक्या आत असूनही आपल्या भागातली झाडे पडली, पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले. जुलै-ऑगस्ट पुराचे आणि दरडींचे. भातलावणीही त्याच दिवसांत, म्हणून सर्पदंशाचे आणि चिखलातून येणाऱ्या लेप्टोच्या तापाचेही तेच महिने. ऑक्टोबरात परतीचा पाऊस. भात खळ्यावर आलेले असते आणि दुपारनंतर आभाळ गडगडते.

या कॅलेंडरात माणसांचे येणे-जाणेही लिहावे लागते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हिवाळ्यात कोणी सर्वेक्षण केले तर ही घरे कुलपात दिसतात आणि वहीत 'रिकामे घर' अशी नोंद होते. जुलैत त्याच घरात सहा माणसे झोपलेली असतात. यादीतून माणसे गळतात ती अशी.

खालापूरच्या बाजूला गेलात तर यादी बदलते. तिथे द्रुतगती महामार्गावरून रसायनांचे टँकर जातात, रसायनी-खोपोली पट्ट्यात कारखाने आहेत. तिथल्या गावाने वायुगळतीचा विचार केला पाहिजे आणि वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहून पळायचे, हे मुलांना शिकवले पाहिजे. सांगायचे तात्पर्य, एका गावाची यादी दुसऱ्या गावाला उसनी घेता येत नाही.

आठवण हीसुद्धा शिदोरी

आम्ही वर्गातल्या मुलांना एकदा घरी जाऊन एकच प्रश्न विचारायला सांगितला : २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आले होते? मुलांनी आणलेली उत्तरे मीटरमध्ये नव्हती. 'अमक्यांच्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत', 'चिंचेच्या बुंध्यापर्यंत', 'साकव दिसेनासा झाला होता'. ही उत्तरे आम्ही फळ्यावर काढलेल्या नकाशावर टिपली, तेव्हा पुराची एक रेषाच तयार झाली. मुले गप्प झाली, कारण त्या रेषेच्या आत २००५ नंतर बांधलेली बरीच नवी घरे होती. नव्या घरांत राहणाऱ्यांनी तो पूर पाहिलेला नव्हता.

आपल्या नद्यांचा पुरावा लांब शोधायला नको. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. हजारावर प्रवासी पाण्याने वेढलेल्या गाडीत तासन्‌तास बसून होते. एनडीआरएफ आणि नौदलाच्या पथकांनी सर्वांना सुखरूप बाहेर काढले आणि जवळच्या गावकऱ्यांनी त्यांना हात दिला. नेरळहून वांगणी किती जवळ, हे आपण जाणतोच.

दरडींचीही आठवण हवी. भीमाशंकरच्या डोंगरापलीकडे आंबेगाव तालुक्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी ते गाव गाडले गेले आणि १५१ माणसे दगावली. गाव नाहीसे झाल्याची पहिली खबर बाहेर दिली ती सकाळच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाने. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत दरडीने ऐंशीहून अधिक बळी घेतले. माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी, तीनही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आणि तीनही सलग मुसळधार पावसातल्या. डोंगरावरचा मातीचा थर पाणी पिऊन जड होतो, खालच्या कातळावरून सुटतो आणि घसरतो.

आठवण जीव कशी वाचवते, हे इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटाने दाखवले. १९०७ मध्ये तिथे समुद्राची प्रचंड लाट येऊन खूप माणसे गेली होती. वाचलेल्यांनी ती गोष्ट मुलांना सांगितली, गाण्यांत गुंफली : जमीन जोराने हादरली आणि समुद्र मागे हटला की काहीही न उचलता टेकडीकडे पळायचे. पुढे २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा ते बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होते. पण सुमारे पाऊण लाख वस्तीपैकी फक्त सात माणसे दगावली. त्याच आचे प्रांतात इतरत्र लाखाहून अधिक माणसे गेली. बेटावर सायरन नव्हता, यंत्रे नव्हती. आजी-आजोबांची गोष्ट होती. आपल्या घरातही आजी-आजोबा आहेत. आपण त्यांना विचारतो का?

बैठकीला कोण नाही?

गावात अशी चर्चा निघाली की बहुधा पुरुष जमतात. मस्जिदीच्या अंगणात, चावडीवर किंवा शाळेत. तासाभरात 'पूर आला तर सगळ्यांनी शाळेत जायचे' असे ठरते आणि चहा होऊन बैठक संपते. आमच्या अनुभवात खरी माहिती त्यानंतर मिळते.

एका वाडीत पुरुषांनी असेच शाळेचे नाव सांगितले. बायकांशी वेगळे बोललो तेव्हा एकीने सरळ विचारले, "शाळा वहाळापलीकडे आहे. ज्या रात्री घर सोडायची पाळी येईल, त्या रात्री वहाळ ओलांडायचा कसा?" दुसरी म्हणाली, "आमी जाऊ एक वेळ, पण शेळ्यांचं काय?" तिसरीने विचारले की तिथे रात्री दिवा आणि बायकांसाठी मोरी-संडास आहे का. तीन प्रश्नांत सगळा बेत कोलमडला आणि बरेच झाले, कारण तो मे महिन्यात कोलमडला. वहाळाच्या अलीकडे, उतारापासून दूर असलेले एक मोठे घर आणि त्याचा गोठा मग त्या वाडीने नक्की केला.

लोक धोक्याच्या जागेवरून का हलत नाहीत, याचे उत्तर शेळ्यांच्या त्या प्रश्नात आहे. त्यांना धोका कळत नाही असे नसते. पण शेळ्या, कोंबड्या, कणगीतले भात, रेशनकार्ड हेच त्यांचे सारे असते आणि ते सोडून जायला सांगणारा माणूस त्याची जबाबदारी घेत नाही.

आपल्या मोहल्ल्यांकडेही याच नजरेने पाहायला हवे. कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांतले कितीतरी कर्ते पुरुष आखातात किंवा मुंबईत असतात. पक्की, देखणी घरे दिसतात, पण आत सासू, सून आणि मुले एवढीच माणसे. रात्री दोन वाजता अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना उचलणार कोण? पैसा आहे म्हणून ते घर सुरक्षित असे समजण्यात अर्थ नाही.

म्हणून बैठक घेताना आधी विचारावे, इथे कोण आलेले नाही? बायका, कातकरी-ठाकर वाड्यांतली माणसे, भाड्याने राहणारे परप्रांतीय मजूर, ऐकू न येणारे किंवा चालता न येणारे. ते बैठकीला येत नसतील तर बैठक त्यांच्या दारी न्यावी.

हातात काय आहे?

तिसरा रकाना भरताना गावकरी आधी म्हणतात, 'आमच्याकडे काय आहे? काही नाही.' लिहायला बसले की पान भरते. ट्रॅक्टर कोणाकडे, लांब दोर कोणाकडे, टायरच्या ट्यूब कोणाकडे, लाकूड कापायचे यंत्र कोणाकडे, जनरेटर कोणाकडे. पट्टीचे पोहणारे कोण. लग्नाच्या मांडवाची ताडपत्री आणि शंभर माणसांचे जेवण रांधायची भांडी जमातीकडे असतातच. आशाताईंना प्रत्येक गरोदर बाईचा महिना तोंडपाठ असतो. वाडीतल्या ठाकर तरुणाला अंधारातही डोंगराची वाट सापडते. इर्शाळवाडीत बाहेरून आलेल्या पथकांना अशाच माहीतगार माणसांनी वर नेले.

मस्जिदीचा आणि मंदिराचा भोंगा हीही गावाची मोठी ताकद. बांगलादेशात १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे मेली. त्यानंतर तिथल्या सरकारने आणि रेड क्रेसेंटने गावोगाव स्वयंसेवक उभे केले. आज त्यांची संख्या पंचाहत्तर हजारांच्या वर आहे आणि त्यात बायका मोठ्या संख्येने आहेत. हातातले भोंगे, सायकली, झेंडे आणि मस्जिदींचे ध्वनिक्षेपक वापरून ते इशारा घरोघर पोहोचवतात. चक्रीवादळे आजही येतात, पण मृत्यूंचा आकडा लाखांवरून दहा-वीस-तीसवर आला आहे. आपल्याकडे मात्र अडचण अशी की वादळी रात्री पहिली जाते ती वीज. भोंग्याला चार्ज केलेली बॅटरी जोडलेली नसेल, तर तो ऐन वेळी मुका राहणार. बॅटरी जूनच्या आधी तपासणे एवढेच काम आहे.

काही वेळा ताकद फार स्वस्त असते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही स्वस्त गोळी कशी उपयोगी पडते ते दाखवून दिले आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू कितीतरी कमी झाले. सर्पदंशाचेही तसेच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि फारसे दुखतही नाही. खाली घट्ट खोचलेली मच्छरदाणी तिच्यापासून चांगले रक्षण करते. चावल्यावर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायची नाही. मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे. सर्पविषावरची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे, हे लावणीआधी विचारून घरोघर सांगून ठेवले, तर तोच एक फोन कोणाचा तरी जीव वाचवील.

तकदीर आणि तयारी

'अल्लाहच्या मर्जीपुढे कोणाचे चालते?' हे वाक्य अशा बैठकांत ऐकू येतेच. त्यात श्रद्धा आहे, आम्ही तिचा मान राखतो. पण हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांचा किस्सा आपण सर्वांनी ऐकलेला आहे. दुष्काळाची सात वर्षे येणार हे कळल्यावर त्यांनी मिसरच्या लोकांना हात जोडून बसायला सांगितले नाही. सुकाळाच्या सात वर्षांत पीक काढा, खाण्यापुरते घ्या आणि उरलेले धान्य कणसातच राहू द्या, असे सांगितले. कणसात राहिलेला दाणा टिकतो, हे भात पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला वेगळे समजवायला नको. संकट येणार हे ठाऊक असताना त्याची तयारी करणे हा श्रद्धेचाच भाग, असाच त्या किस्स्याचा बोध आहे. आणि ती तयारी सगळ्या मुलखासाठी होती, एका घरापुरती किंवा एका जमातीपुरती नव्हे.

आठवडाभराचे काम

हे काम शाळेची मुले, बचतगटाच्या बायका आणि मोहल्ल्यातले तरुण मिळून करू शकतात. खर्च वही, खडू आणि थोडा वेळ एवढाच.

१. नकाशा काढा. अंगणात खडूने किंवा रांगोळीने गाव काढा : नदी, ओढे, साकव, विहिरी, घरे, डोंगराची बाजू. पुराची जुनी रेषा वडीलधाऱ्यांकडून भरून घ्या. मग तो कागदावर उतरवा.

२. गावभर चालत जा. डोंगरापासून नदीपर्यंत एक फेरी मारा. जमिनीला किंवा भिंतीला नवीन भेगा, कललेली झाडे आणि खांब, अचानक घट्ट बसू लागलेली दारे, नव्या जागी फुटलेला झरा, एकाएकी गढूळ झालेले झऱ्याचे पाणी ही दरडीची लक्षणे आहेत. दिसतील तिथे फोटो काढून तारीख लिहा.

३. घरांची यादी करा. कोणाला उचलून न्यावे लागेल, कोणाला इन्सुलिन किंवा डायलिसिस लागते, कोण नववा महिना लागलेली. अशा प्रत्येक घरापुढे दोन शेजाऱ्यांची नावे लिहा आणि त्यांना तसे तोंडी सांगा. यादी जूनमध्ये वीटभट्टीवरची कुटुंबे परतल्यावर पुन्हा तपासा.

४. पाऊस मोजा. सरळ भिंतीचा रुंद डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी आठला पट्टीने पाणी मोजा. डब्यात जितके मिलीमीटर पाणी, तितका पाऊस. हवामान खाते दिवसाला २०४ मिलीमीटरवरच्या पावसाला 'अत्यंत मुसळधार' म्हणते. शहरातले आकडे टीव्हीवर कळतात. आपल्या डोंगरावर किती पडला ते हा डबाच सांगतो.

५. हलायचे कधी ते आधी ठरवा. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. लाल इशारा असेल, डब्यात २०० मिलीमीटर भरले असतील किंवा सलग तिसऱ्या दिवशी मुसळधार चालू असेल, तर उताराखालच्या घरांनी फक्त रात्रीचा मुक्काम दुसरीकडे करायचा. गाढ झोपेत असलेल्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. शेळ्यांची जागाही तेव्हाच ठरवा.

६. पिशवी तयार ठेवा. आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत. सोबत औषधे, टॉर्च, काडेपेटी, सुका खाऊ. १०८, ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक दाराच्या आत मोठ्या अक्षरांत लिहा. मोबाइल बंद पडला तर निरोप घेऊन कोण जाणार, हेही ठरवा. नाही तर एसटी येईपर्यंत वाट पाहावी लागेल.

७. एकदा सराव करा. एखाद्या रविवारी, मगरिबनंतर अंधार पडल्यावर. दिवसाउजेडी सोपी वाटणारी वाट रात्री कुठे अडवते, ते तेव्हाच कळते.

सरकारकडे काय मागायचे?

गावाने तयारी केली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते आणि धोक्याची ठिकाणे शोधून उपाय करणे हे त्याचे काम आहे. संरक्षक भिंत, पूल, वाडीला रस्ता, भूवैज्ञानिकांची तपासणी, पुनर्वसन ही कामे गावाच्या आवाक्याबाहेरची आहेत. इर्शाळवाडीच्या वाचलेल्या कुटुंबांसाठी खाली सपाटीवर सिडकोने पक्की घरे बांधली, हे चांगले झाले. पण ती घरे दरडीनंतर मिळाली.

मागणी तोंडी केली की हवेत विरते. नकाशा, फोटो आणि तारखांसह केली तर तिला उत्तर द्यावे लागते. १ मे च्या ग्रामसभेत हा नकाशा मांडावा, ठराव करून घ्यावा आणि त्याची प्रत तहसीलदारांकडे पोहोच घेऊन द्यावी. ठरावात वाड्यांची नावे एक-एक करून लिहावीत. 'आणि परिसर' या शब्दांत माणसे हरवतात.

मे संपत आला की कळंबच्या बाजारात ताडपत्र्या, छत्र्या, घोंगड्या दिसू लागतात. घराघरांत मसाला होतो, पापड वाळतात, सरपण आत जाते, कौले शेकारली जातात. पावसाची बेगमी करायला आपल्याला कोणी शिकवलेले नाही, ती आपल्या रक्तात आहे. त्याच यादीत आणखी एक ओळ वाढवायची आहे : या पावसाळ्यात आपल्या शेजारी सर्वांत आधी कोणाला गरज पडेल आणि तेव्हा त्याच्या दारात कोण उभे असेल? ती दोन नावे आजच लिहून ठेवा.